कॉमासकट वाचणारी मुलगी

मी इंग्रजी वाचायला शिकले ती कॉमासकट. म्हणजे कॉमा आला की क्षणभर थांबायचं, एवढंच नव्हे. कॉमा आला की तोंडानं "कॉमा" म्हणायचं. पूर्णविराम आला की "स्टॉप". मोठं अक्षर आलं की "कॅप". कंस उघडला की "ब्रॅकेट" आणि मिटला की "क्लोज". आमच्या घरात यालाच वाचन म्हणत, आणि याहून वेगळ्या तऱ्हेनं वाचता येतं हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

बाबा सुलतान बाजारातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. त्यांची शाळा उर्दूतून झालेली, घरची बोली मराठी, छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी तेलुगू आणि छापायचा मजकूर बहुतेक इंग्रजी. कारण छापखान्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे एक बुजुर्ग वकीलसाहेब होते. कोर्टाच्या निवडक निकालांचं एक पुस्तक ते दर महिन्याला काढत, आणि शहरातले वकील ते घेऊन आपापल्या कपाटात ओळीनं लावत. निकालातली एक ओळ इकडची तिकडे झाली तर कुणाचं घर जाईल, कुणाची नोकरी जाईल, असं बाबा म्हणायचे. ते हे इतक्या मनापासून म्हणायचे की आम्हाला त्याची थट्टासुद्धा करता यायची नाही.

हे काम दोघांनी करायचं असतं. एकानं टाइप केलेली मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं छापून आलेल्या लांबलचक कागदावर, म्हणजे गॅलीवर, ओळीखाली पट्टी धरून ते ऐकत ऐकत तपासायचं. वाचणाऱ्याला कॉपी होल्डर म्हणतात. छापखान्यातला कॉपी होल्डर म्हातारा होऊन घरी बसला आणि मालकांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही, तेव्हा बाबा कापडी पिशवीतून गॅल्या मलकपेठला घरी आणायला लागले. मी तेव्हा आठवीत होते. संध्याकाळचा चहा झाला की बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे, मी समोरच्या स्टुलावर. मैत्रिणी खाली लंगडी खेळत असायच्या आणि मी वर कुण्या भाडेकरूनं घर का सोडलं नाही याची कारणं कॉमासकट वाचत असायची. सुरुवातीला मला रडू यायचं. पुढं सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. कारण दिवसभरात बाबा माझ्याशी एवढा वेळ दुसऱ्या कशासाठी बसत नसत.

एक ओळ वाचून झाली की बाबा "हं" म्हणायचे. हं म्हणजे जुळलं, पुढं चल. हं आल्याशिवाय पुढची ओळ सुरू करायची नाही, हा या कामातला एकमेव नियम. गॅलीत चूक सापडली तर त्यांची पेन्सिल समासात चालायची, तेवढा वेळ मी गप्प बसायची आणि मग हं यायचा. या हंकाराला माझे कान इतके सरावले की शाळेचं पुस्तक एकटीनं वाचतानाही ओळीच्या शेवटी मी आपोआप थांबायची. कुणीतरी हं म्हणावं म्हणून. याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मुलगी लक्ष देऊन वाचते, असं शेजारचे कौतुकानं म्हणायचे.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. तोवर आमच्यासारख्या घरातल्या मुलींनी बँकेच्या कारकुनीची परीक्षा द्यायची, लागली तर लागली, नाहीतर लग्न, एवढंच ठरलेलं असायचं. एकाएकी जो तो मॅनेजमेंटचं बोलायला लागला. परदेशी कंपन्या येणार, शहराबाहेर काचेच्या इमारती होणार, त्यांत आपली माणसं बसणार. माझ्या वर्गातल्या ज्या मुलीला जमाखर्चाच्या दोन बाजू कधी सारख्या करता आल्या नाहीत तिनंही प्रवेश परीक्षेचा फॉर्म आणला. मीही आणला. छापखान्यातही या सगळ्याची कुणकुण होती. समोरच्या दुकानात कॉम्प्युटर आला होता आणि खिळे जुळवायचे दिवस भरत आले हे जुळाऱ्यांनाही कळत होतं. बाबांना काचबिंदू होता. त्यांच्या नजरेच्या कडा हळूहळू मिटत चालल्या होत्या. हे त्यांनी छापखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. घरात मात्र सगळ्यांना एक गोष्ट न बोलता कळत होती. बाबांचं काम थांबण्याआधी माझं काहीतरी व्हायला हवं होतं.

परीक्षेत गणित होतं, तक्ते होते आणि इंग्रजी वाचनाचा भाग होता. पाच उतारे, चाळीस मिनिटं. गणिताची सगळ्यांना धास्ती. माझ्या इंग्रजीबद्दल कुणाला शंकाच नव्हती. हिनं एवढे कोर्टाचे निकाल वाचलेत, हिला ते पाच उतारे म्हणजे काय, असं काका म्हणाले, आणि बाबांनी मान हलवली. मी गणिताचा कीस काढत राहिले आणि वाचनाच्या भागाकडे एकदाही बघितलं नाही.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगायला आजही जिवावर येतं. सिकंदराबादच्या एका कॉलेजात केंद्र होतं. पहिला उतारा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कुठल्याशा जिवांबद्दल होता. मी वाचायला लागले. छान वाचलं. प्रत्येक कॉमा मनात म्हटला, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबले. सगळे प्रश्न सोडवले, आणि ते सगळे बरोबर होते याची आजही मला खात्री आहे. दुसरा उतारा वाचून मी मान वर केली तेव्हा पर्यवेक्षक बाई फळ्यावर दहा मिनिटं उरल्याचं लिहीत होत्या. मला आधी वाटलं त्यांचीच काहीतरी चूक होते आहे. शेजारची मुलगी शेवटचं पान उलटत होती. उरलेल्या दहा मिनिटांत मी तिसऱ्या उताऱ्याचा निम्मा भाग वाचला, तोही कॉमासकट, कारण दुसरं काही मला येतच नव्हतं. तिथं, त्या बाकावर, मला पहिल्यांदा कळलं की मी ओळीच्या शेवटी कुणाची तरी वाट बघत थांबते आहे. चाळीसातली किती मिनिटं मी त्या हंकाराला दिली असतील, देव जाणे.

घरी आल्यावर मी म्हणाले, वेळ पुरला नाही. बाबांना ते कळेचना. वाचायला वेळ लागतोच, त्यात चूक काय, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या वर्षी मी नारायणगुड्याला एका क्लासला जायला लागले. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली होती आणि शिकवणारे सर कुठल्या तरी साबणाच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेले होते. टाइम मॅनेजमेंट हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला तो अजिबात आवडला नाही, अजूनही आवडत नाही. वेळ काय आपल्या हाताखाली नोकरीला असतो? पण सर हुशार होते. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. पहिली ओळ, शेवटची ओळ, परिच्छेदाचं तोंड. मधलं सगळं नजरेखालून जाऊ द्या. आठ मिनिटं झाली की उतारा सोडून द्या, मग तो कितीही गोड असो. उतारा वाचायचा नसतो, लुटायचा असतो, असं ते म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. वही काढून ते लिहून घेतलं.

पहिल्याच सरावात त्यांनी मला पकडलं. मी मान खाली घालून वाचत होते आणि ते बाकाशी येऊन उभे राहिले होते. माझे ओठ हलत होते. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि ती आडवी माझ्यापुढे धरली. दातांत धर म्हणाले. ओठ हलायचे बंद होतील.

"पढो नक्को, अम्मा," ते म्हणाले, "देखो."

त्यानंतर तीन महिने मी दातांत पेन्सिल धरून वाचलं. घरी आई येता-जाता म्हणायची, ही वाचती का दात घासती. पेन्सिलीवर दातांचे खड्डे पडले. लाकडाची चव तोंडात राहायची, चहालासुद्धा यायची. रविवारी मी बाबांचं मनगटी घड्याळ मागून टेबलावर ठेवायची आणि आठ-आठ मिनिटांचे उतारे लुटायची. शर्यती असल्या की रेसकोर्सकडून लोकांचा गलका यायचा, आणि बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे. मग पलीकडे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. आठ वर्षं घडवलेली कॉपी होल्डर तोंडात लाकूड घालून बसली होती, आणि ते मोडणं त्यांच्याच घड्याळावर चाललं होतं.

आणि मला जमायला लागलं. हे मी अभिमानानं लिहीत नाही, पण तेव्हा अभिमान वाटला होता. एके दिवशी कागद समोर आला आणि ओळी मला ऐकूच आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या. परिच्छेद एका झटक्यात आत आला. कॉमा गेले, स्टॉप गेले. पाचही उतारे झाले आणि घड्याळात तीन मिनिटं उरली. सरांनी सरावाच्या निकालाचा कागद दारावर लावला, त्यात माझं नाव पहिल्या पाचांत होतं. चादरघाटच्या पुलावरून बस येत होती तेव्हा मी दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, समोरच्याच्या हातातला पेपर, सगळं एका नजरेत पीत होते. आपलं घर आता बदलणार, असं वाटत होतं. मी इतकी खूश पुन्हा कधी झाले असेन असं मला आठवत नाही.

या सगळ्या काळात संध्याकाळचं काम चालूच होतं. फक्त आता मला ते नकोसं झालं होतं. दिवसा धावायला शिकलेल्या माणसाला संध्याकाळी रांगायला लावावं, तसं वाटायचं. मी वाचताना चिडचिड करायची, भरभर म्हणायची, आणि बाबांचा हं माझ्या मागून धावत यायचा.

परीक्षेला महिना राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमध्ये मोठी सराव परीक्षा होती आणि बाबांनी त्या संध्याकाळी एक लांबलचक निकाल आणला. एका विधवा बाईच्या घराचा दावा होता, दिरानं लावलेला. तीस-बत्तीस पानं असतील. मी वाचत सुटले. विसाव्या पानाच्या आसपास बाबांची पट्टी थांबली. हं आला नाही.

"एक ओळ मागं ये, बाळ," ते म्हणाले. "मधूनच काहीतरी तुटल्यासारखं वाटायलंय."

मी प्रतीकडे बघितलंसुद्धा नाही. "बरोबर आहे बाबा, सगळं वाचलंय मी."

"हौ?"

"हौ."

ते जरा वेळ गॅलीवर वाकून बसले. डोळे मिटले, उघडले. एखाद्या वर्षाआधी असतं तर त्यांनी हात पुढं करून प्रत मागून घेतली असती. त्या दिवशी त्यांनी ती मागितली नाही. नजरेवर भरवसा राहिला नव्हता, माझ्यावर होता.

"हं," ते म्हणाले, आणि मी पुढं गेले.

झालं होतं ते असं. मूळ प्रतीत जवळजवळच्या दोन ओळी एकाच शब्दावर संपत होत्या. अशा ठिकाणी जुळाऱ्याची नजर पहिल्या ओळीवरून उडते ती दुसरीच्या शेवटाला जाऊन बसते आणि मधलं सगळं गळतं. हे छापखान्यातलं नेहमीचं दुखणं. म्हणून तर कॉपी होल्डर लागतो. त्यानं गळलेली ओळ मोठ्यानं वाचली की तपासणाऱ्याच्या ध्यानात येतं. जुळाऱ्यानं ती ओळ गाळली होती. माझीही नजर बरोबर तिथूनच उडाली, कारण तीन महिने मी तिला तेवढंच शिकवलं होतं.

पुस्तक छापून बाहेर पडलं. परीक्षेला आठ दिवस असताना छापखान्याचे मालक स्वतः आमच्या घरी आले. ते कधी यायचे नाहीत, म्हणून आईनं गडबडीनं पोहे टाकले. त्यांनी पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. एका वकिलानं भर कोर्टात त्यातून वाचून दाखवलं होतं आणि समोरच्या वकिलानं अस्सल निकाल काढून दाखवला होता. बाईला घरात राहायचा हक्क कुठल्या अटीवर होता, ती अटच छापील पुस्तकात नव्हती. गाळलेल्या ओळीवाचूनही वाक्य सरळ वाचता येत होतं, म्हणून बाबांखेरीज कुणाला काही खटकलं नव्हतं. वकीलसाहेबांनी निरोप पाठवला होता की पुढच्या महिन्यापासून पुस्तक कॉम्प्युटरवाल्याकडे जाईल.

बाबांनी कपाटातून मूळ प्रत काढली. पान शोधून त्या जागी बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. मी बोलायला हवं होतं. दोन पावलं पुढं येऊन एक वाक्य बोलायचं होतं, फार नाही. मी बोलले नाही. आठ दिवसांवर परीक्षा आहे, आत्ता हे नको, असं माझ्या मनात आलं. हेच आलं होतं, दुसरं काही नाही. याची मला लाज वाटते, आणि लिहून ती कमी होते असा माझा अनुभव नाही.

"गलती मेरी है, सेठ," बाबा म्हणाले. "नजर चूक गई."

मालक वाईट माणूस नव्हते. डोळ्यांचं ते ओळखून असावेत. आता आराम करा म्हणाले, इतकी वर्षं केलंत, पुष्कळ केलंत. पोह्यांना त्यांनी हातही लावला नाही. जाताना टेबलावरचं पुस्तक न्यायला ते विसरले की त्यांनी मुद्दाम ठेवलं, ते मला माहीत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर मी सवयीनं स्टुलावर जाऊन बसले. टेबलावर गॅली नव्हती. बाबा पट्टी फडक्यानं पुसत होते. पुसून त्यांनी ती खणात ठेवली आणि खण लावला.

"परीक्षेत असंच वाच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "जल्दी वाच, सोडून सोडून वाच. तिकडं तसंच लागतं म्हणतात. माझ्यासमोर मात्र आता नको वाचूस."

मी हौ म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी बाबा सिकंदराबादपर्यंत बसमधून माझ्याबरोबर आले. त्यांचं घड्याळ त्यांनी स्वतःच माझ्या मनगटाला बांधलं. पट्टा सैल होत होता म्हणून शेवटच्या भोकाच्या पुढं सुईनं एक नवं भोक पाडून आणलं होतं. फाटकाशी ते झाडाखाली थांबले आणि मी आत गेले.

पहिला उतारा सात मिनिटांत झाला. दुसराही. सर म्हणाले होते तसंच, अगदी वहीतल्यासारखं. तिसरा उतारा कुठल्या तरी देशातल्या शेतजमिनींच्या वाटणीबद्दल होता, कोरडा, सोपा. मी प्रश्न बघितले, पहिली ओळ बघितली आणि नजर खाली सोडली. ती तीन ओळी उतरली आणि थांबली. मधलं काही गळलं असेल तर? मी मागे आले. नीट वाचलं. काही गळलं नव्हतं. पुन्हा नजर सोडली, पुन्हा मागे आले. उताऱ्यात काही गाळलेलं नसतं आणि असलं तरी ते माझं काम नव्हे, हे मला शंभरदा कळत होतं. पण एका अनोळखी बाईचं घर त्या गळलेल्या ओळीत होतं, बाबांची इतक्या वर्षांची नोकरी होती, आणि मला आता कुठलीच ओळ सोडवेना. मी तिसरा उतारा पहिल्या शब्दापासून सुरू केला. ओठ हलायला लागले. कॉमा. स्टॉप. कॅप. ओळ संपली की मी थांबायची, आणि हं यायचा नाही, आणि तरी मी थांबायची. पेन्सिल दातांत धरून बघितली. दातांत पेन्सिल धरूनही मी कॉमा म्हणत होते.

चौथा उतारा मी उघडला, पाचवा उघडलाच नाही. मनगटावरचं घड्याळ मला शेवटपर्यंत स्पष्ट दिसत होतं. वेळ किती उरलाय हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. दर मिनिटाला मला ते ठाऊक होतं आणि मी वाचत बसले होते. लुटायला शिकले तेव्हा मी घरचं लुटलं होतं, आणि बाहेर लुटायची वेळ आली तेव्हा माझा हात चालला नाही. घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी कागद हातातून ओढून घेतला.

बाबा त्याच झाडाखाली होते. त्यांनी विचारलं, झाले पाचही? मी म्हणाले, झाले. आम्ही बससाठी उभे राहिलो. मी घड्याळ काढून त्यांना दिलं, त्यांनी ते न बघता खिशात टाकलं.

दोन महिन्यांनी पोस्टमननं पाकीट दिलं. दुपारचे चार वाजले असतील. पाकिटाच्या पातळपणावरूनच मला सगळं कळलं. बाबा खुर्चीत होते. या दोन महिन्यांत त्यांची नजर आणखी मिटली होती. पेपर ते हातात धरायचे, पण पान उलटायचे नाहीत, आणि मला वाच म्हणायचे नाहीत. मी जवळ गेले की रेडिओ लावायचे. त्यांनी विचारलं, काय आलं? मी सांगितलं, तिकडून पत्र आलंय. पुढचंही तोंडी सांगून टाकणार होते. पण ते उठले, चाचपडत टेबलाशी गेले, खण उघडला आणि पट्टी काढली. टेबलावर काहीच नव्हतं. त्यांनी ती नुसत्या लाकडावर आडवी ठेवली आणि मान किंचित कलती केली, पूर्वी करायचे तशी.

"वाच," ते म्हणाले.

मी स्टुलावर बसले. पत्र चार ओळींचं होतं. मी त्यातलं काही सोडलं नाही.

"कॅप डिअर कॅप कँडिडेट कॉमा," मी वाचलं.

"हं."

पुढच्या ओळीत संस्थेला खेद वाटत होता. मी खेद वाचला, कॉमा वाचला, थांबले. हं आला. तिसऱ्या ओळीत यंदा अर्ज फार आले होते. ती वाचली. हं आला. पट्टी लाकडावरून बोटभर खाली सरकली. चौथ्या ओळीत त्यांनी मला पुढल्या आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या होत्या. त्यातलाही शब्द एकही गळला नाही. शेवटी मी स्टॉप म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले, पट्टी आणखी बोटभर खाली घेतली आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसले.